दम्याचे औषध आणि रुग्णाचे मन

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात इस्लापूर येथे दिलेले व्याख्यान)



वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार व्हावा, निधीचा हिशेब वाचला जावा, विवाहयोग्य मुलामुलींची माहिती एकमेकांस मिळावी, हा आपला नित्याचा परिपाठ आहे. त्या कार्यक्रमात एका औषधासंबंधी चार शब्द बोलण्याची संधी मंडळाने मला दिली, याबद्दल मी प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो. हा विषय डॉक्टरांच्या सभेत शोभणारा आहे, येथे त्याचे प्रयोजन काय, असे कोणास वाटणे स्वाभाविक आहे. त्यावर माझे उत्तर एवढेच की, औषध डॉक्टर लिहून देतो, दुकानदार ते बांधून देतो, परंतु ते घेतल्यानंतर रात्री घरात काय घडते हे पाहणारे डोळे आईबापांचे, पतिपत्नींचे व भावंडांचे असतात. जे फक्त घरातच दिसते, त्याची जाण घरालाच असली पाहिजे. म्हणून हा विषय कुटुंबांच्या मेळाव्यातच मांडावयाचा आहे.

आपला हा किनवट तालुक्याचा मुलूख. एका अंगास पैनगंगेचे खोरे व सहस्रकुंडाचा धबधबा, दुसऱ्या अंगास सागवानाची राने. येथील हवा निर्मळ असावी आणि येथे दम्याचे नाव नसावे, अशी बाहेरच्या माणसाची समजूत होईल. परंतु सोयाबीनच्या मळणीचा भुसा, वेचणीच्या दिवसांतील कापसाची तुसे, बांधाबांधावर माजलेल्या गाजरगवताचे पराग, धसकटे जाळल्याचा धूर आणि काही घरांतून अद्याप पेटणारी चूल, ही सर्व मंडळी छातीची शत्रू आहेत. त्यांत हिवाळ्याची थंडी मिळाली की रात्री-अपरात्री खोकल्याचे आवाज कोणत्या घरातून येतात हे आळीतील प्रत्येकास ठाऊक असते. २०१९ सालच्या अंदाजानुसार आपल्या देशात दम्याचे सुमारे ३ कोटी ४० लाख रुग्ण होते. जगातील एकूण रुग्णांपैकी हे प्रमाण शेकडा १३ भरते. परंतु दम्याने जगात जितके मृत्यू होतात त्यांपैकी शेकडा ४० हून अधिक एकट्या भारतात होतात. रोगाच्या मानाने मरण अधिक, याचा सरळ अर्थ असा की उपचारात आपण कोठेतरी उणे पडतो. माझे पुढील बोलणे ऐकताना ही गोष्ट कृपा करून विसरू नये. औषधाचा दोष सांगणारा मनुष्य औषध टाकून द्या असे सांगत नाही.

छातीवरील औषधाचा मनावर परिणाम व्हावा ही कल्पना आपणांस नवी वाटेल. वस्तुतः ती फार जुनी आहे. उकिरड्यावर उगवणारा धोतरा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याची वाळलेली पाने चिलमीत घालून ओढली असता दम्याची धाप कमी होते, हे आपल्या देशातील लोकांना पूर्वापार माहीत होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासहून ही युक्ती इंग्रजांनी आपल्या देशी नेली आणि पुढे धोतऱ्याच्या पानांच्या दम्याच्या सिगारेटी विलायतेत उघडपणे विकल्या जाऊ लागल्या. परंतु हाच धोतरा अधिक झाला की डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, तोंडास कोरड पडते, मनुष्य नाही ते पाहू लागतो आणि असंबद्ध बडबडतो, हेही खेड्यातील पोरासोरांस ठाऊक आहे. श्वासनलिका सैल करणारे आणि बुद्धी भ्रमविणारे द्रव्य एकच. पुढे शास्त्रज्ञांनी त्या द्रव्यात असा फेरफार केला की ते मेंदूत सहसा शिरू नये आणि छातीत मात्र काम करावे. आज इप्राट्रोपियम या नावाने ते पंपातून दिले जाते. दोष ओळखला म्हणून सुधारणा झाली, हा या हकिकतीतील बोध आहे.

१९२४ सालानंतर एफेड्रिन हे औषध जगभर प्रचारात आले. त्याने दमा हटे, पण झोपही उडे आणि जीव अस्वस्थ होई. त्यानंतर स्टेरॉइडच्या गोळ्या आल्या. त्यांनी असंख्य प्राण वाचविले आहेत व आजही वाचवीत आहेत. परंतु १९७२ साली अमेरिकेतील बोस्टन येथील पाहणीत असे दिसून आले की, प्रेड्निसोन दररोज ४० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत शेकडा १.३ जणांना मानसिक विकार जडले, तर ८० मिलिग्रॅमहून अधिक घेणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा १८.४ इतके वाढले. म्हणजे मात्रा वाढली तसा मनावरील भारही वाढला. शरीर आणि मन या दोन निरनिराळ्या कोठड्या नाहीत. एकीत ठेवलेल्या वस्तूचा वास दुसरीत जातोच.

आता ज्या औषधासाठी मी उभा आहे त्याकडे वळतो. त्याचे नाव मॉंटेलुकास्ट. आपणांपैकी अनेकांच्या घरी ते असेल, परंतु नाव ओळखीचे वाटणार नाही, कारण पाकिटावर कंपनीने दिलेले नाव मोठ्या अक्षरांत असते आणि मूळ औषधाचे नाव बारीक अक्षरांत. आपल्याकडे ते बहुधा लेव्होसेटिरिझिन या ॲलर्जीच्या दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत मिळते. लहान मुलांसाठी त्याचे गोड पातळ औषध व चघळण्याच्या गोळ्याही निघतात. दोन ते पाच वर्षांच्या मुलास ४ मिलिग्रॅम, सहा ते चौदा वर्षांच्या मुलास ५ मिलिग्रॅम आणि त्यापुढे १० मिलिग्रॅम, अशी दम्यावरील त्याची दररोज सायंकाळची मात्रा असते.

त्याचे कार्य समजण्यास कठीण नाही. ॲलर्जीचा पदार्थ शरीरात शिरला की शरीर ल्युकोट्राईन नावाची द्रव्ये सोडते. त्यांच्या योगे श्वासनलिका आवळते, आतून सुजते व चिकट कफ धरते. या द्रव्यांचे स्वरूप १९७९ च्या सुमारास स्वीडनचे शास्त्रज्ञ बेंग्ट सॅम्युएलसन यांनी उलगडले. त्यांना १९८२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ल्युकोट्राईन ज्या ठिकाणी जाऊन चिकटते ती जागा मॉंटेलुकास्ट अडवून धरते, म्हणून सूज कमी होते. १९९८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यास मान्यता दिली. पंप नको, फवारा नको, दिवसातून एक गोळी घ्यावी व मोकळे व्हावे, या सोयीमुळे ते जगभर लोकप्रिय झाले.

परंतु काही वर्षांतच निराळ्या तक्रारी येऊ लागल्या. मुले झोपेत किंचाळून उठतात, शांत मूल अकारण संतापते, मोठी माणसे उदास होतात, अशी पत्रे आईबापांकडून व डॉक्टरांकडून येऊ लागली. २००८ साली अमेरिकेच्या प्रशासनाने चौकशी आरंभिली. २००९ साली औषधाच्या माहितीपत्रकात मानसिक परिणामांविषयी सावधानतेचा मजकूर घालण्यास कंपन्यांना सांगितले. तेवढ्याने लोकांचे लक्ष वेधले गेले नाही, म्हणून ४ मार्च २०२० रोजी सर्वांत कडक समजला जाणारा, काळ्या चौकटीतील इशारा छापण्याची आज्ञा झाली. १९९८ पासून मे २०१९ पर्यंत या औषधाशी संबंध जोडलेल्या ८२ आत्महत्यांच्या नोंदी त्या प्रशासनाकडे आल्या होत्या. त्यांतील १९ व्यक्ती सतरा वर्षांच्या किंवा त्याहून लहान होत्या. केवळ शिंका व नाक वाहणे एवढाच त्रास असेल तर इतर औषधांनी गुण न आल्यासच याचा विचार करावा, असेही त्या वेळी डॉक्टरांना बजावण्यात आले. ब्रिटनच्या औषधनियंत्रक खात्यानेही २०१९ साली डॉक्टरांना सावध केले व २०२४ साली तो इशारा अधिक ठळक करण्याचे ठरविले.

येथे तराजू सरळ धरला पाहिजे. युरोपातील माहितीपत्रकानुसार भयंकर स्वप्ने, निद्रानाश, झोपेत चालणे, चिडखोरपणा, चिंता व औदासीन्य हे परिणाम शंभरातील एकाहून कमी जणांत आढळतात. भास होणे, दिशाभूल होणे, जीव नकोसा होण्याचे विचार येणे हे तर दहा हजारांतील एकाहूनही कमी. नोंद आली म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे. मॉंटेलुकास्ट घेणारे रुग्ण व फवाऱ्याचे स्टेरॉइड घेणारे रुग्ण यांची तुलना करणाऱ्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत मानसिक विकारांचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. दुसऱ्या बाजूस, हे औषध रक्तातून मेंदूत पोहोचू शकते असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे बहुतेकांस हे औषध निर्विघ्नपणे मानवते, परंतु कोणास बाधेल हे आधी सांगता येत नाही. पूर्वी कधी मानसिक आजार नसलेल्यांनाही त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. बहुतेकांचा त्रास औषध थांबविल्यावर जातो, पण क्वचित तो नंतरही रेंगाळतो किंवा थांबविल्यानंतरच उद्भवतो.

ज्या संकटाची वेळ व व्यक्ती आधी सांगता येत नाही, त्यावर एकच उपाय असतो, आणि तो म्हणजे पहारा. तो पहारा घरानेच ठेवावयाचा आहे. आणि येथेच आपली खरी अडचण आहे.

एक घर डोळ्यांसमोर आणावे. नऊ-दहा वर्षांचा मुलगा. मळणीच्या दिवसांत त्याची छाती भरली, गोळी सुरू झाली, खोकला थांबला. सर्व समाधान पावले. दोन-तीन आठवड्यांनी मुलगा रात्री दचकून उठू लागला. दिवसा धाकट्या बहिणीवर हात उगारू लागला. आजी म्हणते, पोराला दृष्ट लागली, नाहीतर ओढ्याच्या वाटेवर काही बाहेरचे लागले. वडील म्हणतात, लाडाने शेफारला. गुरुजी म्हणतात, अभ्यास चुकविण्याची सोंगे. प्रत्येकाजवळ कारण तयार आहे, आणि त्या कारणाबरोबर त्याचा उपायही तयार आहे: अंगारा, छडी किंवा बोलणी. फडताळातील गोळीकडे मात्र कोणाची नजर जात नाही, कारण ती छातीची गोळी. तिचा मनाशी संबंध काय? आणि मुलगा गोळी घेतच राहतो.

सुनेच्या बाबतीत हेच घडले तर परिणाम याहून कठोर होतात. नवी सून आली, धुराने तिला दमा उफाळला, गोळी चालू झाली, आणि काही दिवसांनी ती गप्प राहू लागली, रडू लागली, रात्ररात्र जागू लागली. अशा वेळी वेडसर मुलगी आमच्या गळ्यात बांधली, हा शब्द किती सहज तोंडातून निघतो! एकदा तो निघाला म्हणजे दोन घराणी दुरावतात आणि मंडळाच्या पंचांनाही ती जोडता येत नाहीत. गोळी केव्हा सुरू झाली, एवढा साधा प्रश्न प्रथम विचारला गेला असता तर एखाद्या संसाराचे रक्षण झाले असते.

याचा अर्थ प्रत्येक दुःस्वप्न औषधाचे, असा मुळीच नाही. परीक्षेचे भय असते, घरातील कलह असतो, रात्रीच्या धापेनेही झोप मोडते. मानसिक आजार स्वतंत्रपणेही होतात, त्यांत लाजिरवाणे काही नाही आणि त्यांवर उपचार आहेत. भेद करावयाचा तो तारखांवरून. गोळी केव्हा सुरू झाली, बदल केव्हा दिसला, गोळी थांबल्यावर काय झाले, या तीन तारखा डॉक्टरांपुढे ठेवल्या म्हणजे त्यांस अर्धा निर्णय करता येतो. आणि बाहेरची बाधा समजून मांत्रिकाकडे जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे.

आता थोडे अप्रिय बोलतो, त्याबद्दल क्षमा असावी. ही गोळी आपल्या घरांत इतकी का शिरली? एक कारण असे की, साध्या सर्दीलाही दुकानातून चिठ्ठीवाचून पाकीट आणण्याची आपणांस सवय जडली आहे. जी सर्दी आठवड्यात आपोआप बरी व्हावयाची, तिच्यासाठी हे औषध नव्हे. सुंठीवाचून खोकला जात असेल तर सुंठही कशाला खर्चावी?

दुसरे कारण पंपाविषयीची लाज. मुलीच्या हाती पंप दिसला तर स्थळ मोडेल या धास्तीने कित्येक आईबाप डॉक्टरांना विनवितात की पंप नको, गोळी द्या. गोळी लपविता येते, पंप लपत नाही! पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय, असेही समज आहेत. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असते, तर त्याच औषधाच्या एका गोळीत ४ मिलिग्रॅम, म्हणजे चाळीस दाबांइतके. पंपाचे औषध थेट छातीत जाते म्हणून थोडे पुरते. गोळी सर्व शरीरात फिरते म्हणून जास्त लागते. दम्यावरील नित्य उपचाराचा मुख्य आधार आज जगभर फवाऱ्याचे स्टेरॉइड हाच मानला जातो, मॉंटेलुकास्ट हे जोडीचे किंवा पर्यायी औषध. जे चांगले आहे ते लाजेपोटी टाकून दुय्यम पत्करावयाचे, आणि त्याची किंमत मुलीच्या मनाने भरावयाची, हा व्यवहार शहाण्या समाजास शोभत नाही. ज्या मंडळाच्या मेळाव्यात विवाह ठरतात, त्याच मंडळाने पंप वापरणाऱ्या मुलामुलींस कमी लेखले जाणार नाही असा निश्चय केला, तर तो कोणत्याही देणगीहून मोठा ठरेल.

शेवटी व्यवहारात काय करावे ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, घरात येणाऱ्या पाकिटावर बारीक अक्षरांतील नाव वाचावे अथवा शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावे. मॉंटेलुकास्ट असेल तर सुरू केल्याची तारीख पंचांगावर किंवा दिनदर्शिकेवर टिपावी.

दुसरी, हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये. घरात पूर्वी कोणास मानसिक आजार झाला असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. ही गोष्ट लपविण्याची नव्हे.

तिसरी, झोप, राग, उदासी, भीती, बोलण्यातील अडखळ, विसराळूपणा यांत नवा बदल दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे व ही गोळी पुढे घ्यावी की नाही ते विचारावे. ती बंद केली तरी दम्याचा पंप बंद करू नये. स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ चालू असल्यास त्या तर आपल्या मनाने एकदम कधीच थांबवू नयेत. आणि हेही ध्यानात असावे की मॉंटेलुकास्टने उठलेली धाप तत्काळ बसत नाही, त्या वेळी पंपच कामास येतो.

चौथी, कोणी जगणे नको झाल्याची भाषा केली तर ती थट्टेवारी नेऊ नये. त्या व्यक्तीस एकटे सोडू नये आणि तत्काळ रुग्णालयात न्यावे. सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही दूरध्वनीसेवा चालू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती अहोरात्र व विनामूल्य आहे.

पाचवी, त्रास झाल्यास त्याची नोंद करावी. औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी देशोदेशी गोळा करण्याचे कार्य जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली आरंभिले. आपल्या देशात २०१० पासून औषधदक्षता कार्यक्रम चालू आहे व त्याचे केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. १८००-१८०-३०२४ या विनामूल्य क्रमांकावर रुग्णास स्वतःही कळविता येते. आपल्या एका घरच्या तक्रारीने काय होणार, असे म्हणू नये. जी चौकट २०२० साली छापली गेली, ती अशाच एकेका घरातून आलेल्या तक्रारींनी छापविली.

मंडळास माझी एकच नम्र सूचना आहे. पुढील वर्षी गुणवंतांच्या सत्काराच्या दिवशीच छातीच्या व मनाच्या डॉक्टरांना एकत्र बोलावून एक शिबिर भरवावे, आणि तेथे पंप कसा ओढावा हे प्रत्यक्ष दाखविण्याची व्यवस्था करावी. खर्च फार नाही, उपयोग मात्र पुष्कळ.

बंधुभगिनींनो, आपण आपल्या माणसांची छाती मोकळी झाली का, हे रोज विचारतो. तितक्याच आपुलकीने झोप लागली का, मन प्रसन्न आहे का, हेही विचारावे. आणि उत्तर नाही असे आले तर माणसास दोष देण्यापूर्वी औषधाची तारीख पाहावी, एवढेच माझे मागणे आहे.